डीतलं डीत

शनिवार, १४

हरलो. तीन-दोन.

'हरलो' असं लिहितेय, जसं काही मीच स्टिक घेऊन धावत होते. मी फक्त गोलच्या जाळीमागे तिपाईवर कॅमेरा लावून उभी होते, तेही टिटवीसाठी. माझी भाची कॉलेजच्या हॉकी संघात उजव्या बाजूने बचाव करते, आणि तिच्या आईला, म्हणजे माझ्या ताईला, दर सामन्याचा व्हिडिओ पाठवायचा हा दोन वर्षांचा नेम आहे. ताईची बदली झाल्यापासून पोरगी माझ्याकडे असते. पाळण्यात इतकी ओरडायची की ताईनेच तिला टिटवी म्हणायला सुरुवात केली. आता ते नाव मैदानावरही पोचलंय.

संपायला तीन मिनिटं होती आणि दोन-दोन अशी बरोबरी होती. त्यांच्या एका मुलीने लांबून जोरात चेंडू मारला. गोलसमोर पाच-सहा जणींची गर्दी. चेंडू त्या पायांमधून आला आणि आमची गोलकीपर, जिला सगळं कॉलेज भिंत म्हणतं, जागची हलली नाही. पाय उचलला नाही, स्टिक टेकवली नाही. दारात पोस्टमनची वाट बघत उभं राहावं तशी उभी. चेंडू तिच्या उजव्या पायापासून वीतभर अंतरावरून गेला आणि माझ्या कॅमेऱ्यासमोरच्या जाळीत येऊन आपटला. पंचाने शिट्टी वाजवून मैदानाच्या मध्याकडे हात केला, म्हणजे गोल.

टिटवी घरी आली ती घसा बसलेली. ताटात नुसती बोटं फिरवत बसली. मी विचारलं, त्या भिंतीला झालं तरी काय होतं? तर म्हणाली, "सोड ना मावशी." मग पाणी पिऊन पेला ठेवताना, "आमचं ठरलंय. डीतलं डीत."

डी म्हणजे गोलसमोरचं अर्धवर्तुळ. तिथे जे घडेल, बोललं जाईल ते बाहेर न्यायचं नाही असा त्या मुलींचा आपापसातला नियम आहे म्हणे. मला काही तो पटला नाही. लपवण्यासारखं नसेल तर नियम कशाला लागतो?

सोमवार, १६

प्राचार्यबाईंनी केबिनमध्ये बोलावलं. क्रीडाशिक्षक आधीच येऊन बसले होते. मुली पाठीमागे त्यांना शिट्टीसर म्हणतात, कारण गळ्यातली शिट्टी ते वर्गातही काढत नाहीत.

सामन्याचा व्हिडिओ फक्त माझ्याकडे आहे. शिवाय मी संख्याशास्त्र शिकवते, म्हणजे भावनेच्या भरात काही लिहिणार नाही असा सगळ्यांचा समज. म्हणून गोलरक्षकाच्या खेळाचा अहवाल मी लिहायचा. मी म्हटलं, माझी भाची त्याच संघात आहे, मी लिहिणं बरं दिसेल का? प्राचार्यबाई म्हणाल्या, "भाची गोलकीपर नाही ना? मग झालं."

पुढच्या सोमवारी समिती बसेल. भिंतीचा कॉलेजमधला प्रवेश आणि वसतिगृहातली खोली, दोन्ही तिला खेळाडू म्हणून मिळालं आहे. अहवाल वाईट गेला तर संघातून नाव जाईल, आणि वर्षअखेर बाकीचंही. मुलगी लांबून आलेली आहे. प्राचार्यबाईंनी हे सांगताना टेबलावरच्या टाचण्या डबीत भरल्या.

जिन्यात शिट्टीसर माझ्याबरोबर उतरले. मग म्हणाले, सामन्याआधी ती त्या संघाच्या बसपाशी उभी होती, त्यांच्या प्रशिक्षक बाईंशी बोलत. पुढच्या वर्षी ती तिकडे जाणार असंही कानावर आलंय. "मी काही म्हणत नाही मॅडम. तुम्ही फक्त डोळे उघडे ठेवून बघा."

काही म्हणत नाही असं म्हणणाऱ्या माणसाचं बोलणं माझ्या डोक्यात फार वेळ राहतं. घरी येईपर्यंत मनात पाल चुकचुकत होती.

मंगळवार, १७

रीतसर तक्ता केला. गोलवर आलेले चेंडू चौदा. अडवलेले अकरा. त्यातले चार असे की बघताना मी दुसऱ्यांदाही खुर्चीत पुढे सरकले. एक तर तिने आडवी झेप घेऊन हातमोज्याच्या टोकाने बाहेर काढलाय, आणि पडल्यापडल्या समोरच्यांना जागा दाखवतेय. पहिले दोन गोल कुणालाच थांबवता आले नसते.

म्हणजे साठपैकी सत्तावन्न मिनिटं ही मुलगी उत्तम खेळली.

संशय घ्यायचा नसता तर एवढ्यावर अहवाल संपला असता. पण मला उलटंच वाटायला लागलं. इतकी चांगली गोलकीपर नेमक्या त्याच चेंडूला हलत का नाही? नवशिकी असती तर म्हटलं असतं, गांगरली. ही गांगरलेली नाही. मी चित्र थांबवून बघितलं. तिचे गुडघे वाकलेले आहेत, ती जागी आहे, तयार आहे. आणि तरी तिने चेंडू जाऊ दिला.

'जाऊ दिला' हे शब्द लिहून मी पेन खाली ठेवलं. मग पुन्हा उचललं.

बुधवार, १८

आज आवाज वाढवून ऐकलं.

आत्तापर्यंत मी नुसतं चित्र बघत होते. कॅमेरा जाळीमागे असल्यामुळे डीमधले आवाज स्वच्छ आलेत. बुटांची घासाघीस, कुणाचा तरी धापा टाकण्याचा आवाज, आणि चेंडू येण्याआधी अगदी क्षणभर एका मुलीचा आवाज: "सोड!"

'सो' लांबवलेला, शेवटी तोडलेला. हुकूम दिल्यासारखा. दहा वेळा ऐकलं. मग आणखी दहा वेळा.

कोण म्हणालं असेल? गोलकीपर ही डीची मालकीण, ओरडायचं काम तिचं. म्हणजे भिंतच. आपल्या बचावातल्या मुलींना म्हणाली सोड, मी बघते. त्या बिचाऱ्या बाजूला झाल्या, आणि मग तिने स्वतःही सोडला. याहून सोपी युक्ती कोणती? दुसरी शक्यता अशी की तिलाच कुणी तरी आठवण करून दिली, आता सोड. दोन्हींत पाणी मुरतंयच.

मी ऐकत असताना शेजारच्या खोलीचं दार धाडकन बंद झालं. टिटवी अभ्यास करत होती. मी आवाज कमी केला. थोड्या वेळाने ती दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "किती वेळा ऐकणार आहेस?" म्हटलं, कळेपर्यंत. ती माझ्याकडे बघत राहिली. काही विचारायचं असेल असं वाटलं, पण मग केस विंचरायला गेली. तिचा घसा अजून बसलेलाच आहे. मध आणि आलं दिलं, घेतलं नाही.

गुरुवार, १९

भिंतीला संख्याशास्त्राच्या खोलीत बोलावलं. पॅड, हेल्मेट नसलं की ती किती बारीक आहे! खुर्चीच्या कडेवर बसली. डाव्या अंगठ्याला चिकटपट्टी.

मी विचारलं, तू हललीस का नाहीस? म्हणाली, चुकलं. मी विचारलं, शिट्टीसरांच्या सूचना काय होत्या? म्हणाली, डीत काहीही आलं तरी अडवायचं. मग अडवलं का नाहीस? पुन्हा तेच, चुकलं.

मग मी खडा टाकून बघितला. "त्या वेळी 'सोड' असं कोण म्हणालं? तू?"

तिने पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघितलं. "तुम्ही ऐकलंत मॅडम?"

"वीस वेळा."

"मग मी काय सांगू?"

मला राग आला. मी म्हटलं, तुझी खोली, तुझं इथलं शिक्षण, सगळं या अहवालावर आहे, कळतंय ना? तिने मान हलवली. "गोल माझ्या पायाशेजारून गेला. माझाच होता. तसंच लिहा."

त्या बसबद्दलही विचारलं. बोललीस का त्यांच्या बाईंशी? हो. कशाबद्दल? काही नाही, एक वस्तू मागायची होती. कोणती वस्तू, ते सांगितलं नाही.

एवढ्या सहज कुणी दोष अंगावर घेतं का? मोठा दोष झाकायचा असला की माणूस लहान दोष पुढे करतो, असं मी मनात म्हटलं. ती उठली, दारापाशी थांबली आणि विचारलं, "टिटवी जेवते का नीट?"

माझी मर्जी सांभाळायचा प्रयत्न. मी तक्त्याचा कागद पुढे ओढला.

शुक्रवार, २०

ग्रंथालयाच्या मागच्या पायऱ्यांवर दोघी बसल्या होत्या, टिटवी आणि ती. टिटवीचं डोकं तिच्या खांद्यावर. मी दिसताच दोघी उठल्या.

दोन वर्षांपूर्वी घरी आल्याआल्या चपला काढायच्या आत ही मुलगी मला दिवसभराचं सगळं सांगायची. आता जे सांगायचं ते त्या पायऱ्यांवर सांगून येते. माझ्या वाट्याला उरतं ते 'सोड ना मावशी'.

ताईचा फोन आला होता. मी तिला सांगितलं, आपल्या पोरीने तिची बाजू अगदी चोख सांभाळली, एकही चूक नाही, गळती दुसरीकडे होती. टिटवी समोरच बसून मोज्यांची जोडी लावत होती. जोडी चुकीची लागली, तशीच गुंडाळून ठेवली.

शनिवार, २१

अहवाल लिहिला. दीड पान. शेवटचं वाक्य असं: 'गोलरक्षकाने हालचाल करण्यास पुरेसा अवधी व स्थिती असूनही ती केली नाही, ही कृती अनवधानाने झाली असे मानण्यास आधार सापडत नाही.'

मुद्दाम केलं असं मी लिहिलेलं नाही. पण वाचणारा तेच वाचेल. असं वाक्य लिहायला मी कुठे शिकले कोण जाणे. बहुधा शिट्टीसरांकडूनच, त्या जिन्यात.

पाकिटात घातला, चिकटवला.

रविवार, २२

आजचं सगळं नीट लिहून काढायला हवं.

अहवालात चेंडू किती अंतरावरून आला ते लिहायचं राहिलं होतं, म्हणून सकाळी टेप घेऊन मैदानावर गेले. मैदान आखणारे चुनाकाका एकटेच रेषांवर चुना टाकत होते. मी व्हिडिओतली जागा शोधली, कडेच्या त्या खांबासमोर, गटाराच्या त्या झाकणाच्या डावीकडे. टेपचं दुसरं टोक काकांनी धरलं. जागा डीच्या रेषेच्या चांगली चार पावलं बाहेर निघाली.

काका म्हणाले, "बाहेरूनच मारला होता. म्हणून तर पोरीने सोडला."

मी विचारलं, म्हणून म्हणजे? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला एकदम विद्यार्थिनी झाल्यासारखं वाटलं. दोन वर्षं व्हिडिओ काढतेय, आणि हे मला माहीत नव्हतं. डीच्या बाहेरून मारलेला चेंडू आत कुणा हल्लेखोराच्या स्टिकला लागला नाही, तर तो जाळीत गेला तरी गोल होत नाही. खेळ पुन्हा सुरू होतो आणि चेंडू आपल्याला मिळतो. अडवायला जावं तर उलट धोका, पॅडला लागून तो समोरच्यांच्या पुढ्यात पडतो. या वर्षी दोन गोल तसेच झालेत. म्हणून शहाणी गोलकीपर असा चेंडू सोडते. त्या दिवशी मात्र तो त्यांच्यातल्या कुणाच्या तरी स्टिकला निसटता लागला होता. पंचाला दिसलं, म्हणून गोल.

"पण लागला की नाही हे तिला कसं कळणार?" मी विचारलं. "समोर एवढी गर्दी."

"तिला नाहीच दिसत. म्हणून दुसरी सांगते. लागला नसेल तर सोड म्हणायचं. दोघी सकाळी येऊन हेच करायच्या, सरांना न सांगता. मीच चेंडू टाकून द्यायचो."

कोण दुसरी, मी विचारलं. काका वाकून चुन्याचा डबा उचलायला लागले. "बाई, ते मला कशाला विचारता?"

तुसडेपणाच वाटला मला. येताना वाटभर हिशेब करत होते, बचावात चौघी असतात, त्यातली कुठली? डावीकडची उंच मुलगी आठवली. मधली, जी सारखी पंचाशी वाद घालते, ती आठवली. चौघींपैकी तिघींवर मी एकेक करून संशय घेतला.

घरी आले. माळ्यावरून मोठं पातेलं काढायचं होतं. स्टुलावर चढले, दोन्ही हात डोक्यावर, पातेलं अर्धं बाहेर आलं आणि त्याच्या आत आणखी दोन भांडी आहेत हे तेव्हा कळलं. वजन मनगटांवर आलं, स्टूल डुगडुगलं, वरचं काही दिसेना. आणि मागून आवाज आला.

"सोड!"

मी सोडलं. वळून बघितलं नाही, विचार केला नाही, दोन्ही हात एकदम मोकळे केले.

पातेलं जमिनीवर पडलं नाही. टिटवीने ते छातीशी धरलं होतं. घसा सुटला होता तिचा. 'सो' लांबवलेला, शेवटी तोडलेला.

मी स्टुलावर उभीच राहिले. तिने पातेलं जमिनीवर ठेवलं, माझ्याकडे बघितलं, आणि तिला कळलं की मला कळलंय.

खाली उतरायला तिनेच हात दिला. मग दोघी स्वयंपाकघरातच जमिनीवर बसलो. तिने सांगितलं, डीतल्या त्यांच्या मुलीच्या स्टिकपासून ती हातभरावर होती, तिला वाटलं चेंडू लागला नाही. लागला होता. "इतकासा," म्हणून तिने नखाचं टोक दाखवलं. सामना संपल्यावर ती सरांकडे निघाली होती. भिंतीने दंडाला धरून मागे ओढलं आणि म्हणाली, डीतलं डीत. आज तू, उद्या मी. सरांना कळलं तर दोघींना काढतील. मला एकटीलाच काढू दे.

"आणि ती बस?"

"तिच्या हेल्मेटचा पट्टा तुटलाय मावशी. चार महिने सरांकडे मागतेय. त्या दिवशी त्यांच्याकडून उसना आणला."

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? मला तरी? ती पातेल्यातली भांडी एकातून एक काढत होती.

"मला वाटलं तुला कळेल. पहिल्यांदा ऐकशील तेव्हाच. मी शेजारच्या खोलीत होते. प्रत्येक वेळी वाटायचं, आता हाक मारेल." मग म्हणाली, "तू माझा आवाज ओळखत नाहीस?"

पाकीट दप्तरातून काढून फाडलं. चांगलं चिकटलं होतं.

सोमवार, २३

समितीपुढे अहवाल ठेवला नाही. व्हिडिओ लावला, आवाज पूर्ण वाढवून. मग डीच्या बाहेरची चार पावलं, दोघींचा सराव, पातेलं सोडून बाकी सगळं सांगितलं. शेवटी म्हटलं, गोलरक्षकाला दिसत नव्हतं. ज्या आवाजावर विश्वास ठेवायचं ठरलं होतं त्यावर तिने ठेवला. चूक आवाजाची आहे, तिची नाही.

शिट्टीसर म्हणाले, हा आवाज कुणाचाही असू शकतो.

"आवाज माझ्या घरातला आहे," मी म्हटलं.

टिटवी बाहेरच्या बाकावर होती, सकाळी माझ्या आधी येऊन बसलेली. तिला आत घेतलं. तिने दोन वाक्यांत सांगितलं आणि हात मागे बांधून उभी राहिली. भिंतही तिच्यामागून आत आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. मी हेल्मेटच्या पट्ट्याचंही विचारलं. सर शिट्टी बोटाभोवती गुंडाळत राहिले आणि मागणी वर पाठवायची राहून गेली असं म्हणाले.

निर्णय असा: भिंतीचं नाव राहील, खोली राहील. सूचना मोडून स्वतःची पद्धत काढल्याबद्दल दोघींना ताकीद. टिटवीला मात्र दोन सामने बाहेर, कारण इतके दिवस गप्प राहिली. ती 'हो' म्हणाली, मला वाटतं थोडी हलकी होऊन.

उठताना प्राचार्यबाईंनी मला सहज विचारल्यासारखं विचारलं, "आणि तुम्हाला आठ दिवसांत एकदाही शंका आली नाही?"

मी म्हटलं, शंका तर सगळ्यांची आली. त्या हसल्या. मी विनोद केला नव्हता.

मंगळवार, २४

ताईला फोन करून खरं सांगितलं. ती म्हणाली, पोरगी लहान असताना दोन गल्ल्या पलीकडून तू तिचं रडणं ओळखायचीस गं.

भिंतीला जेवायला बोलावलंय. माफी कशी मागतात ते मला अजून नीट जमत नाही, म्हणून आधी जेवण.

शनिवार, ११

मधले दिवस लिहिलं नाही. दोन सामने झाले. टिटवी दोन्ही वेळा बाकावर बसून ओरडली.

आज तिचा सराव पुन्हा सुरू. मी कॅमेरा नेला नाही. जाळीमागे नुसती उभी राहिले. भिंतीच्या हनुवटीखाली नवा पट्टा होता. शिट्टीसर मध्यरेषेवर, शिट्टी तोंडात, पण वाजवत नव्हते. डीमध्ये सात-आठ मुलींची गर्दी केली होती. लांबून एकीने चेंडू मारला.

मी भिंतीच्या पाठीकडे बघत होते. तिथून मलाही चेंडू दिसत नव्हता, फक्त पाय. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला वाटलं, या वेळी ती ऐकणार नाही, पाय उचलेल. मी असते तर उचलला असता.

"सोड!" टिटवी ओरडली.

भिंतीचा पाय जमिनीवरच राहिला. चेंडू तिच्या शेजारून आला आणि माझ्यासमोर जाळीत आपटला. कुणी गोल मोजला नाही.